कुठेतरी मुरतंय

आतड्यातली गाठ साधी की कर्करोगाची, याचा अंदाज मला प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याआधीच, तिच्या रक्तवाहिन्यांवरून येतो. कापून काढलेल्या तुकड्याच्या रोहिणीत सिरिंजने हिरवा रंग सोडायचा. साध्या गाठीत तो शहाण्या मुलासारखा फांद्याफांद्यांतून फिरून नीलेतून बाहेर येतो. वाईट गाठीत वाटाच वेड्यावाकड्या. रंग भलतीकडे शिरतो, साचतो, रेंगाळतो. पण थोडा का होईना, बाहेर येतोच.

दादा प्लंबर. हे ऐकून तो हसला होता.

"अगं छोटे, हा तर आमचाच धंदा. गळती सापडेना की पाण्यात रंग सोडायचा आणि कुठली भिंत रंगते ते बघत बसायचं."

आज दुपारी माझ्या ट्रेमध्ये त्याचंच आतडं होतं. डाव्या बाजूचं, सकाळीच काढलेलं. घरच्या माणसाचं काम घेऊ नये, पण दुसऱ्याच्या हाती द्यायला मन धजेना. गाठ साधी निघू दे, एवढंच मागत होते.

रंग सहज आत गेला. नीलेतून काही आलं नाही. दुसरी सिरिंज भरली, तीही गेली. कापलेल्या कडा कोरड्या, ट्रे कोरडा, गाठ फुगलीसुद्धा नाही. शेवटी बाटली संपली.

कुठेतरी पाणी मुरतंय, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते म्हणवेना.

मग बोटाखाली गाठ हलली. थांबली. पुन्हा हलली. ठोक्याठोक्याने ती रंग ओढत होती.

दादा!

हातमोजे भिरकावून मी जिना चढत वॉर्ड गाठला. दादाची गुंगी उतरली होती. मी त्याची नखं पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, जीभ बाहेर काढायला लावली. सगळं गुलाबी. हिरवा ठिपका कुठेच नाही.

"काय गं," तो पुटपुटला, "बैल विकत घ्यायला आलीस का? दात कसले बघतेस?"

जीव भांड्यात पडला. मास्क खाली ओढून मी डोळ्यांत पाणी येईतो हसले.

दादा हसता हसता थांबला.

"छोटे, तुझ्या हिरड्या हिरव्या कशाने झाल्या?"

मी तोंड मिटलं. पोटात, डाव्या बाजूला, काहीतरी थांबून थांबून ओढत होतं.