घोंगडीचा सहावा तुकडा

शहागंजच्या बाजारात त्या दुपारी मी एका दुकानाच्या पायरीवरून घसरले. अंग घोंगड्यांच्या ढिगावर पडलं, पण उजवा हात दगडावर आपटला. दुकानातला तरुण उचलायला धावला.

“उजवा धरू नका,” मी म्हणाले.

“बरं, डावा द्या. का तोबी राखीव हाय?”

हसू आलं... तरी उजवा हात मी छातीशीच धरून ठेवला. दोन वर्षांपूर्वी याच मनगटाचं हाड मोडलं होतं. हाड दोन महिन्यांत जुळलं, दुखणं दीड वर्ष राहिलं. जखम भरली तरी नसा धोक्याचा इशारा देतच राहिल्या. ओढणी घासली तरी चटका बसायचा. तेव्हापासून त्या हाताला मी कुणाला हात लावू दिला नव्हता.

या वेळी नुसतं मुरगळलं होतं. पण फिजिओथेरपिस्ट मोनिका मॅडम म्हणाल्या, “योगिनी, जुनं दुखणं परत यायला नको असेल तर हात गळ्यात बांधून ठेवू नकोस. हलव, वापर. रोज मऊपासून खरखरीतपर्यंत सगळ्याचा स्पर्श होऊ दे, म्हणजे नसांना सवय होईल. सहा आठवडे.”

खरखरीत म्हटल्यावर मला तो ढीग आठवला. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी पुन्हा दुकानात.

“विकत नकोय. रोज दहा मिनिटं फक्त हात लावायचाय.”

त्यानं घडी घालता घालता वर पाहिलं. “भाव पाडायला लई येतात. हात लावायला तुम्हीच पहिल्या.”

त्याचं नाव बिभीषण. त्याच्या घरची मेंढरं लासूर स्टेशनकडं चरायची, लोकर तिकडूनच यायची. त्यानं सहा तुकडे कापून आकडे चिकटवले. पहिला कोकराच्या लोकरीचा, सहावा म्हाताऱ्या मेंढ्याचा. “सहावा म्हंजे आमच्या आप्पाची मिशी,” तो म्हणाला.

मी तुकडा तळव्यावर फिरवायची, दुखणं दहापैकी किती ते वहीत लिहायची. तो समोर बसायचा. मी श्वास रोखला की त्याचाही थांबायचा.

तिसऱ्या आठवड्यात सहाव्याचा आकडा सातवरून दोनवर आला. इतक्या झपाट्यानं कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही... कारण मी चार वाजण्याची वाट बघत होते.

मग मोनिका मॅडमनी साधा खरबरीत टॉवेल तळव्यावर ठेवला. हात झटक्यात मागे आला. कातडी तापली होती, लाल झाली होती. अगदी दोन वर्षांपूर्वीसारखी.

मी थेट दुकानात गेले, सहावा तुकडा गालाला लावला. मऊ होता.

“हा सहावा नाही.”

बिभीषणनं मान खाली घातली. “नाय. दुसऱ्या हप्त्यात बदलला. तुमचे डोळे भरायचे... मला बघवंना.”

“आणि दुखणं परतलं तर तेही बदलणार आहात?”

तुकडा त्याच्यापुढं ठेवून मी निघाले.

आठ दिवस मी घरीच तरट चोळलं. हात हळूहळू ऐकू लागला. दहा मिनिटं मात्र संपेनात. तरटाला मेंढरांचा वास नव्हता. समोर कुणी श्वास रोखत नव्हतं. वहीत हाताचा आकडा रोज उतरत होता. दुसरं जे काही दुखत होतं, त्याला रकानाच नव्हता.

नवव्या दिवशी गेले. मला बघताच त्यानं तुकडा पुढं केला. “खरा सहावा. आप्पाची शपथ.”

“तुम्ही लावा.”

“मी?”

“दुसऱ्यानं लावलेलं सहन होतंय का, तेही बघायचंय.”

त्यानं माझा हात अंड्यासारखा अलगद धरला. लोकर टोचली. मी हात ओढला नाही.

“थांबू का?”

“नको. या वेळी मला वाचवू नका.”

तो फिरवत राहिला. डोळे माझेही भरले, त्याचेही. थोड्या वेळानं टोचणं नुसतं टोचणंच उरलं, आग झाली नाही.

“सहा हप्ते सरल्यावर येणार नाय ना तुम्ही?” त्यानं खालीच बघत विचारलं.

“हाताला यायची गरज नसेल. मला आहे... आठ दिवसांत कळलं.”

त्यानं तुकडा बाजूला ठेवला. लोकर कातरून राठ झालेला त्याचा तळवा माझ्या तळव्याखाली तसाच राहिला.

बाहेरून कुणीतरी विचारलं, “ओ, ही काळी केवढ्याला?”

“गिऱ्हाईक आलंय,” मी म्हणाले.

“व्हय,” तो म्हणाला, आणि उठला नाही.