उजव्या सोंडेचा दगड

गंधारच्या उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. ज्यांना ही गोष्ट थाप वाटेल, त्यांनी मेलबर्नजवळ टार्निटला त्याच्या घरी जाऊन मोजावीत.

अठरा एप्रिल २०२१. ॲलिस स्प्रिंग्सपासून चार तास आत, वाळवंटात. दुपारचे तीन.

गंधार दातांचा डॉक्टर. वर्षभर लोकांच्या उघड्या तोंडांना घाबरून झालं, तसा तो बायकोला, सुमेधाला घेऊन कॅम्पिंगला आला होता.

गाइड डॅरल. ती भूमी त्याच्याच, तिथल्या आदिवासी लोकांची. लाल खडकांपाशी त्याने एकच नियम सांगितला.

"इथून काही उचलायचं नाही, मेट."

बाकीचे पुढे गेले, हे दोघं मागे. गंधारला पायाशी दगड दिसला. मुठीएवढा. कान, पोट, सोंड... सगळं जागच्या जागी.

"सुमे, स्वयंभू आहे गं!"

"उजव्या सोंडेचा आहे. कडक असतो. सोवळं तू पाळणारेस? ठेव खाली."

गंधारने दगडाला सॅनिटायझर चोळलं. झालं सोवळं. दगड खिशात.

आणि माश्या थांबल्या...

दोन दिवस नाकातोंडात जाणाऱ्या माश्या. आता एकही नाही.

मग मागून पावलं. अनवाणी. सावकाश...

मागे कुणीच नव्हतं.

पुढून डॅरल धावत आला. "काय घेतलंस?"

"काही नाही. नो वरीज."

कट्.

करंगळी गेली. मुळापासून. आधी पांढरं हाड दिसलं, रक्त मागाहून आलं.

गंधार किंचाळला. कुणीतरी त्याचं मनगट धरून ओढत होतं. दिसत कुणी नव्हतं. तो तोंडावर आपटला, वाळूत फरफटत गेला. समोरचे दोन दात पडले. दातांच्या डॉक्टरचे.

"घेतलंस का?" डॅरल ओरडला.

"नाही!"

कट्.

अनामिका.

"अहो, खोटं बोलतोय तो! खिशात आहे!" सुमेधा डॅरलला चक्क मराठीत ओरडली.

डॅरलला कळलं.

दगड जागेवर गेला, तशी पकड सुटली. बोटं मात्र सापडली नाहीत. ते काय होतं, हे डॅरलने आजवर सांगितलेलं नाही.

"तुला सांगण्यातलं नाही ते," एवढंच म्हणाला.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर सुमेधाने 'डिंगो चावला', म्हणजे तिथला रानकुत्रा चावला, असं लिहिलं. डाव्या हाताने. खोटं होतं ना; बोटं गेलीच तर उजव्याची नकोत, उजवा तिला लागतो.

मेअखेर मेलबर्न पुन्हा बंद झालं. राज्याच्या सीमाही बंद. एका सकाळी सुमेधा दिवा लावायला गेली आणि तिथेच थबकली.

देवघरात तो दगड होता.

सॅनिटायझरचा वास येत होता...

"गंधार, तू आणलास?"

त्याने आणला नव्हता. निदान त्याला आठवत तरी नव्हतं.

सुमेधा अजून रोज विचारते. गंधार उजवा हात पाठीमागे धरतो...

आणि गप्प बसतो.