रिकाम्या चेंबरमधला एक

विश्वास बसत नसेल तर पुढे वाचू नका. मला कोणाची करमणूक करायची नाही. मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीजवळ, काकांच्या केळीच्या चेंबरवर हे घडलं. मी तिथेच होते.

मी मोहिनी. एका कंपनीसाठी गावातून काम करते. जीपीयूवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डावर चालणारा एकच प्रोग्राम जुन्या-नव्या कार्डांवर, जुन्या-नव्या विंडोजवर आणि लिनक्सवर चालवून बघायचा. सगळीकडे उत्तर सारखं यायला हवं. एखादं मशीन वेगळं बोललं की खोट तिथे.

हा प्रोग्राम कॅमेऱ्यातून खोलीतली माणसं मोजायचा. आत कोणी असताना दाराला कुलूप लागू नये, म्हणून.

गावात लाइटचा भरवसा नाही. चेंबरला जनरेटर आहे. म्हणून माझी मशीन्स शेजारच्या ऑफिसात, चुलतभाऊ मिथुनच्या कृपेने. कृपा कसली, रोजचे टोमणे!

केळी पिकवायला चेंबरमध्ये गॅस सोडून दार बंद करतात. त्याआधी आमच्याकडे दारावर थाप मारून ओरडतात, "कोन शे रे मझार?" मझार म्हणजे आत. उत्तर आलं नाही की मगच दार लावायचं. वीरसिंग नावाचा हमाल आत गुदमरून मेला, तेव्हापासूनची ही रीत. त्या दिवशी त्याला कोणीच हाक मारली नव्हती.

आणखी एक. हाक मारायची, पण "बाहेर ये" असं चुकूनही म्हणायचं नाही. का, ते कोणी सांगत नाही.

त्या दुपारी चेंबर रिकामं होतं. मी आतला कॅमेरा मशीन्सना जोडला. उत्तर शून्य यायला हवं होतं.

नव्या कार्डाने सांगितलं... एक.

मी शिवी हासडली. जुनं कार्ड बघितलं.

एक.

जुनं विंडोज. एक.

लिनक्स...

एक.

हाच प्रोग्राम काल काकांच्या रिकाम्या गोदामात शून्य सांगत होता.

"तुन्हा मशिनले भूत लागनं का?" मिथुन हसला.

"तू आत जाऊ नको."

माझं ऐकेल तर तो मिथुन कसला! त्याने दार उघडलं. थाप मारली.

"कोन शे रे मझार?"

नुसते पंखे घरघरत होते.

त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि ओरडला, "चाल भो, बाहेर ये!"

पंखे थांबले...

मिथुन हसतच आत गेला. सगळ्या स्क्रीनवर आकडा बदलला. दोन.

आणि दार धाडकन लागलं.

मी धावले. मिथुन आतून ठोकत होता, "मोहिनी, उघड! माले दम कोंडाई ऱ्हायना!" मी दोन्ही हातांनी कडी ओढली. आतून कोणीतरी उलटं ओढत होतं. मिथुन नाही. त्याचे दोन्ही हात दारावर बडवत होते, मला ऐकू येत होतं.

मग एकदम पकड सुटली. मिथुन बाहेर कोसळला. ओठ निळे.

मी त्याला ओढतच ऑफिसात आणलं. चेंबरचा आकडा बघितला. शून्य.

हुश्श केलं. तेवढ्यात मशीन्सना जोडलेल्या टेबलावरच्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे लक्ष गेलं. तो आमच्याकडे वळलेला होता. मी आणि मिथुन...

तीन.

त्यानंतर मिथुनला बंद दार सहन होईना. एवढ्या उकाड्यात दात वाजायचे. त्याची बायको मयूरी रोज त्याचा व्हिडिओ पाठवायची. तो एकटाच खाटेवर. मी प्रत्येक मशीनवर चालवून बघायचे.

दोन. दोन. दोन.

डॉक्टर झाले, भगत झाला. काका म्हणाले, ऊन लागलं असेल. मला काकांचा संताप यायचा.

एका दुपारी उत्तर आलं... एक.

सगळीकडे एक! मी रडलेच. पीडा टळली म्हणून लगेच मयूरीला फोन लावला.

"ताई," ती हुंदके देत होती, "व्हिडिओ काढला आणि बघते तर... हे उठत नाहीत हो."

मिथुनला नेल्यावर मी ऑफिसात गेले. मशीन्स बंद करायची होती. मी एकटी होते, दार सताड उघडं होतं. कॅमेरा माझ्यावर होता.

नव्या कार्डाने सांगितलं... तीन.

तेव्हापासून मी रोज तपासते. कार्डं बदलली, विंडोज नवं टाकलं, उसनं मशीन आणून बघितलं. एकाने तरी वेगळं सांगावं, म्हणजे प्रोग्रामला नावं ठेवून मोकळी होईन.

अजून एकाही मशीनचं उत्तर वेगळं आलेलं नाही.