चाचणीचे शनिवार

मेमरी कार्ड तिच्या बोटांतून निसटलं ते थेट पुलाखालच्या चिखलात. नखाएवढं कार्ड, पण तीन आठवड्यांची मेहनत होती त्यात. ती चपला काढून पाण्यात उतरणार, तेवढ्यात वरून आवाज आला—

"अहो, तिथं पाणी घोट्याएवढं दिसतं, पण आहे कमरेएवढं. सकाळीच मोजलंय मी!"

कठड्याला टेकून एक तरुण उभा होता. भुरभुर पाऊस पडत होता आणि त्याच्या काखेतली छत्री मिटलेलीच होती.

"तुमची छत्री उघडत नाही का?" तिने वैतागून विचारलं.

"उघडते की. पण एका हातात वही, दुसऱ्यात पेन. तिसरा हात खात्याने दिला नाही अजून."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. तो खाली उतरला, पुलालगतच्या आपल्या खोलीतून चहाचं गाळणं घेऊन आला आणि काठाशी बसून चिखल गाळू लागला. अर्ध्या तासाने कार्ड सापडलं. त्यानंतर त्याने चहा केला.

"त्याच गाळण्यातून नाही ना?"

"दुसरं आहे... बहुतेक."

पुलाच्या खांबावर रंगवलेले आकडे बघायचे आणि दिवसातून तीनदा पाण्याची पातळी फोनवर कळवायची, हे त्याचं काम. तेव्हापासून ती त्याला पाणीमास्तर म्हणू लागली. तिलाही त्याच पाटबंधारे खात्याने पुलावर एक पेटी बसवायला पाठवलं होतं. पेटीत तळहाताएवढा कॉम्प्युटर होता, आणि त्यासाठी लागणारी ऑपरेटिंग सिस्टिम ती बांधत होती. साहजिकच ती झाली पेटीवाली.

"म्हणजे नेमकं करता काय?" त्याने एकदा विचारलं.

"तयार सिस्टिम घ्यायची. त्यातलं चित्रं, गाणी, खेळ, नको ते सगळं काढून टाकायचं. पाणी मोजणं आणि कळवणं एवढंच ठेवायचं. मग त्या सगळ्याची एक अख्खी नक्कल करायची. तिला इमेज म्हणतात. ती कार्डावर चढवली की झालं. चाळीस पुलांवर चाळीस कार्डं, सगळी सारखी."

"काढून टाकण्याचा पगार मिळतो तुम्हाला? आमच्या ताईला सांगायला हवं. ती आयुष्यभर माझ्या सवयी काढतेय, फुकट!"

चाचणी दर शनिवारी असायची. वीज गेली की पेटी मान टाकायची, आणि वीज परत आली तरी डोळे उघडायची नाही. तिला नवीन इमेज बांधावी लागे. लॅपटॉप दोन-दोन तास घुरघुरत बसे. तेवढा वेळ ती दोघं त्याच्या खोलीच्या पायरीवर बसत, नदीकडे बघत. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. खांबावरचा आकडा कोण आधी ओळखतो यावर पैज लागे. तो मुद्दाम हरायचा, आणि तिला ते समजायचं...

दुसऱ्या महिन्यात तिला दुखणं सापडलं. चालू असताना सिस्टिम कार्डावर सारखं काहीबाही लिहीत होती, आणि लिहिता लिहिता वीज गेली की कार्ड बिघडत होतं. तिने ते लिहिणंच बंद केलं. पेटी ठणठणीत झाली. तरीही तिने साहेबांना कळवलं— "अजून थोड्या चाचण्या हव्यात."

घरी मावशीने तिला आरशासमोर पकडलं. "पुलावर जाताना कानात डूल? पेटीला दिसतं का गं?"

"मावशी, काहीतरीच तुझं!"

आणि मग एके दिवशी साहेबांच्या टेबलावर तिने तो कागद वाचला. चाचणी यशस्वी होताच या पुलावरचा माणूस कामावरून कमी करायचा होता, आणि पेट्या बसल्यावर सहा महिन्यांनी उरलेल्या एकोणचाळीस पुलांवरची माणसं. तिने तो पुन्हा एकदा वाचला. आपण ही पेटी कशासाठी बांधतोय, हे इतके दिवस आपल्या मनातही येऊ नये?

त्याच शनिवारी तो एक फॉर्म घेऊन बसला होता.

"ताईने पाठवलाय. तिच्या गावच्या बंदरात भरती-ओहोटी मोजायची जागा निघालीय. पक्की नोकरी. सोमवार शेवटचा."

"मग... भरलास?"

"नाही." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "इथं काय वाईट आहे? नदी आहे. काम आहे. शनिवार आहेत."

आत्ता सांगावं— तिचं मन ओरडत होतं. एका वाक्याचं तर काम! पण सांगितलं तर तो जाणार, आणि पायरी रिकामी होणार. तिने तोंड उघडलं, आणि म्हणाली, "चहा गार झाला बघ."

त्याने फॉर्मची घडी घालून खिडकीच्या फटीत खोचली. वारा यायचा तिथून.

तीन आठवड्यांनी साहेबांनीच चाचणी यशस्वी ठरवली, आणि त्याच्या हातात कामावरून कमी केल्याचं पत्र पडलं. पुढच्या शनिवारी ती गेली, तेव्हा त्याची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"तू फॉर्म दाखवलास त्याच्या आधीपासून." ती पिशवीकडे बघत होती. "मला तू आवडतोस रे. भीती वाटली... तू गेलास तर सगळंच जाईल."

त्याने पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. रागावला असता तरी बरं झालं असतं.

"पेटी दुसऱ्या महिन्यातच बरी झाली होती, हे मला कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "वीज जाऊन परत आली की आपोआप जागी व्हायची ती. मी काही बोललो नाही. मला वाटलं, ही माझ्यासाठी येतेय. इतका आनंद झाला होता... पण हे वेगळं गं. बंदर इथून पाच तासांवर. पाच तासांचं काय घेऊन बसलीस? दर शनिवारी आलो असतो मी."

बंदरातली जागा केव्हाच भरली होती. तो दूर कुठल्याशा होड्या दुरुस्त करायच्या कारखान्यात निघाला होता. बस आली. "येतो," असं तो सवयीने म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून खिडकीतून दुसरीकडे बघू लागला.

तिने दोनदा पत्र लिहिलं. पहिल्याला उत्तर आलं— चार ओळींचं, सभ्य, 'तुम्ही' म्हणून लिहिलेलं. दुसऱ्याला आलं नाही.

उरलेल्या एकोणचाळीस पुलांवर कार्डं बसवायला तीच गेली. पण आता ती आधी पेटी उघडत नसे. दार ठोठावून सांगे, "ही पेटी तुमचं काम घेणार आहे. अजून सहा महिने आहेत. दुसरीकडे अर्ज करा, मी लिहायला मदत करते." कुणी पाणी विचारलं, कुणी शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्याने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. ती पायरीवर बसून राहिली. दुपार कलली तेव्हा दार किलकिलं झालं.

"गेली नाहीस अजून?"

"नाही," ती म्हणाली. "तुमचं शिक्षण किती, काका? फॉर्मवर तेच आधी लिहावं लागतं."