तीन बोटं खाली

शकूचा डोळा लागायला आणि दाराची कडी वाजायला एकच गाठ पडली.

विनता मेश्रामने मांडीवरच्या लेकीकडे पाहिलं. डोळे टक्क उघडे. दुपारची झोप गेली, म्हणजे आता संध्याकाळही गेली.

"बंडू, बघ रे कोण आहे."

बंडू तिचा धाकटा दीर. विनता विम्याच्या खोट्या दाव्यांच्या, हरवलेल्या गाड्यांच्या चौकशा करायची. बंडू तिची स्कूटर चालवायचा आणि वरून मतं द्यायचा. मतं बहुधा चुकायची. स्कूटर चुकत नसे.

दारात बळीराम उभा होता. मदन महल स्टेशनच्या बाजूला त्याचं गॅरेज. बसायच्या आधीच तो म्हणाला, "दीदी, मी चोर नाही."

"कोण म्हणतं?"

"दिवाकर गजभिये. साऱ्या वस्तीत सांगून राहिला. दिवाळीच्या आधी मी त्यायच्या गाडीले समोरचे दोन्ही शॉकर नवे टाकले. असली माल, कंपनीचा. आता उन्हाळा नाही लागला, तर दोन्ही गळून राहिले. परवा तिलवाऱ्याच्या उतारावर गाडी अशी उसळली, कठड्याले घासली. म्हातारीच्या कपाळाले हे एवढं टेंगूळ! दिवाकर म्हणतो, बळीरामनं जुने शॉकर रंगवून टाकले."

"तुम्ही गाडी पाहिली?"

"हातच लावू देत नाही." बळीराम खाली पाहू लागला. "शाळेच्या व्हॅन माझ्याकडे येतात, दीदी. मोठ्या मॅडमचा फोन आला. सोमवारी खुलासा करा, नाही तर लेकरांच्या गाड्या तुमच्याकडे नाही पाठवणार. त्यायचं बी खरं आहे. लेकरं बसतात त्यात. पण ते काम गेलं, तर गॅरेज गेलं समजा."

शकूने हात पसरला. विनताने तिला उचललं, जांभई गिळली.

"चला. आधी तुमचं गॅरेज पाहू."

*

गॅरेजमध्ये नेमकी तशीच एक गाडी उभी होती. टॅक्सीची, पण मॉडेल तेच. उंच, चौकोनी.

"शॉकर कसा लावता, दाखवा."

बळीरामने पुढचं चाक उतरवलं. आत जाडजूड स्प्रिंग, तिच्या पोटातून जाणारी, धक्के झेलणारी शॉकरची नळी. खालच्या बोल्टवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ होती; अर्धी नटवर, अर्धी शॉकरच्या अंगावर.

"हे काय?"

"आपली सवय, दीदी. नट कसला की रेघ मारतो. नट फिरला तर रेघ तुटते. पाहताच समजते, कोणी तरी हात घातला."

मागून रडण्याचा आवाज आला. शकूला टॅक्सीत बसायचं होतं. दाराच्या कडेवर तिने हात टेकले, पाय उचलला, पाय पोचेना. पुन्हा उचलला. धपकन बसली आणि भोकाड पसरलं.

"ये, मी देतो टाकून," बंडू म्हणाला.

"नको! मी!" शकूने त्याचा हात झटकला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गढ्याला गजभियेंकडे गेले. शकू सोबत होतीच. विनताच्या सासूबाईंची आज कंबर धरली होती.

दिवाकर फाटकातच भेटला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, आवाज चढलेला.

"बळीरामनं पाठवलं ना? ठीक आहे, पाहा. आपल्याले काही लपवायचं नाही. मी बालाघाटले नोकरीवर असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो. आईबाबा इथं दोघंच. चांगले शॉकर टाका म्हटलं, पैसे मी दिले. आणि यानं काय केलं? आईचा जीव गेला असता, मॅडम!"

"जुने आहेत, हे कोणी सांगितलं?"

"गणपत मिस्त्रीनं. नाक्यावर नवीन गॅरेज टाकलं ना त्यानं. परवाच नेली होती. टॉर्च मारला आणि म्हणाला, साहेब, हा कबाडी माल आहे."

"चाक काढलं होतं त्याने?"

"नाही. हात पण नाही लावला."

बंडूने वहिनीच्या कानाशी तोंड नेलं. "गणपत! त्याले शाळेच्या व्हॅन पाहिजेत. रात्री येऊन शॉकर बदलले असतील त्यानं."

"अच्छा," विनता म्हणाली. बंडूला हे 'अच्छा' ओळखीचं होतं. त्याचा अर्थ 'नाही' असा होता.

गाडी झाडाखाली, गल्लीच्या तोंडाशी होती. अंबादास गजभिये, दिवाकरचे वडील, ती हळूहळू घेऊन आले. वाळलेले, अबोल गृहस्थ. फाटकासमोरच्या गतिरोधकावर त्यांनी गाडी तिरपी केली. आधी एक चाक चढवलं, मग दुसरं, जणू पोटाला धक्का लागू नये अशा बेताने.

"काका नवीनच शिकले का?" बंडू हसला.

"बाबांइतका सरळ गाडी चालवणारा माणूस नाही या वस्तीत," दिवाकर फटकन म्हणाला. मग तोही थोडा विचारात पडला.

विनताने बंडूला पुढचं चाक उतरवायला लावलं आणि टॉर्च घेऊन खाली बसली. शॉकरवर तेल ओघळून धूळ चिकटली होती. दांडीच्या वरच्या टोकाला रबराचा गुटका असतो. गाडी फार दबली तर तो धक्का घेतो. इथे त्याचा चुरा झाला होता. बोल्टजवळ वाळलेला चिखल होता. तिने नखाने खरवडला. पिवळी रेघ दिसली. अर्धी शॉकरच्या अंगावर, जशीच्या तशी. नटवरची अर्धी मात्र भलतीकडेच तोंड करून होती.

"काका, बळीरामनंतर गाडी कोणी उघडली?"

अंबादासांनी उत्तर देण्याआधी घराच्या दाराकडे पाहिलं.

"आठवत नाही."

"कुठे लांब नेली होती?"

"नागपूरले. थंडीत. एकटाच गेलो होतो."

तेवढ्यात मागून खिदळणं ऐकू आलं. शकू गाडीच्या उघड्या दारात पोट टेकवून लोंबकळत होती. तिने एक पाय वर टाकला, कण्हली, आणि आत! सीटवर उभी राहून तिने टाळ्या पिटल्या.

"काल जमत नव्हतं," बंडू म्हणाला, "रातोरात वाढली का काय!"

विनता हसली नाही. ती लेकीकडे बराच वेळ पाहत राहिली.

*

दिवाकरची आई, पार्वताबाई, ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या. कपाळावर निळसर टेंगूळ, पण चेहरा टवटवीत. गाडीच्या तपासणीवर तिथूनच त्यांची शेरेबाजी चालू होती.

"जय भीम, मावशी."

"जय भीम, पोरी. बस. ही तुझी लेक का? मोठी खटपटी आहे, मायबाई. माझ्यासारखी."

"गाडीत फार लागलं का?"

"लागलं थोडं. पण गाडीत बसणं सोडत नाही मी! तुले काय सांगू, ही गाडी आणली तेव्हा मले चढताच येत नव्हतं. दोघं दोन बाजूनं धरून पोतं टाकल्यासारखं टाकत. साऱ्या वस्तीसमोर. एकदा यायनं पाट आणून ठेवला पायाखाली. मी लाथेनं उडवला." त्या हसल्या. "मग मी जाणंच सोडलं. ना विहारात, ना कुठं. घरातच बसून राहिले."

"आणि आता?"

"आता माझ्या पायानं चढते! हे नागपूरले गेले होते ना, माझ्या बहिणीनं, भागीरथानं, तेल पाठवलं. जडीबुटीचं. हे रोज चोळून देतात. आठ दिवसांत गुडघे हलके झाले. मागच्या पुनवेले विहारात गेली तर बायका पाहतच राहिल्या."

पार्वताबाई आत जायला उठू लागल्या. एकदा उठल्या, बसल्या. दुसऱ्यांदा अंबादासांनी न बोलता हात दिला. उंबरा चढताना त्यांनी चौकट धरली, आणि दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला.

विनताने ते पाहिलं. पाहून तिला एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

"बंडू, बळीरामला फोन कर. इकडे ये म्हणावं."

*

बळीराम आला तसा दिवाकर पुन्हा पेटला. विनताने हात वर केला.

"मावशी, शकूला तुमचा पेरू दाखवता का? मागच्या अंगणातला. बंडू येईल सोबत."

"चल गं, खटपटे." पार्वताबाई बंडूचा हात धरून आत गेल्या. मागचं दार वाजेपर्यंत विनता थांबली.

"दिवाकरजी, हे शॉकर बळीरामचेच आहेत. त्याची रेघ शॉकरच्या अंगावर अजून आहे. म्हणजे कोणी बदलले नाहीत, त्याने टाकले तेच हे. पण नटवरची अर्धी रेघ फिरलेली आहे. बळीरामनंतर कोणीतरी नट उघडला, आणि तोच शॉकर परत बसवला."

"गणपत?"

"रेघेवर वाळलेला चिखल होता. असा चिखल उडेल एवढा पाऊस शेवटचा कधी पडला? थंडीतल्या मावठ्यात. म्हणजे नट त्याआधीच उघडला होता. गणपतने परवा नुसता टॉर्च मारला. त्याने आडाखा बांधला आणि गिऱ्हाईक मिळवलं, एवढंच."

"मग उघडून तोच शॉकर परत कायले लावला?" बळीरामने विचारलं. आणि विचारता विचारताच त्याचं तोंड उघडं राहिलं. "स्प्रिंग!"

"स्प्रिंग. शॉकर तोच, त्याच्याभोवतीची स्प्रिंग बदलली. बुटकी टाकली." विनता दिवाकरकडे वळली. "शॉकरच्या दांडीला आत-बाहेर व्हायला ठरलेली जागा असते. स्प्रिंग बुटकी झाली की गाडी खाली बसते, दांडी उभ्या गाडीतच बरीचशी आत जाते. मग खड्डा आला की जागा उरत नाही, ती रबरावर आपटते. तो गुटका पाहा, चुरा झालाय. शिवाय बुटकी स्प्रिंग कडक असते. तिची उसळी आवरायला कंपनीचा शॉकर केलेला नसतो. रोज मार खाऊन त्याचं सील फाटतं, तेल गळतं. वर्षानुवर्षं चालायचा शॉकर काही महिन्यांत संपतो. माल असली असला तरी."

"पण गाडी खाली बसली तर मले नसतं समजलं? मी चालवली ना!"

"गाडी फार तर तीन बोटं खाली आली असेल. तुमच्या पायांना तीन बोटं समजत नाहीत, दिवाकरजी. या घरात दोघींनाच समजली. माझी लेक काल तशाच टॅक्सीत चढू शकली नाही. आज इथे चढली. ती रातोरात वाढली नाही." विनताने ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "आणि तुमच्या आई. गाडीत आपल्या पायाने चढतात, पण खुर्चीतून हाताशिवाय उठत नाहीत. तेलाने गुडघे बरे झाले असते, तर उंबऱ्यावरही बरे झाले असते. तेल नागपूरहून आलं. त्याच फेरीत गाडीही नागपूरला होती."

अंबादास ओट्याच्या कडेला बसले.

"गाडीचं पोट कुठं घासतं, हे फक्त त्यालाच माहीत असतं ज्यानं ती खाली आणली," विनता हळूच म्हणाली. "म्हणून काका गतिरोधक तिरपा चढतात."

"घरातून निघायचीच नाही ती," अंबादास म्हणाले. आवाज कोरडा होता. "खिडकीत बसायची. मी म्हटलं, पायरी लावून घेतो गाडीले. म्हणे, लोक पाहतील. नागपूरचा मिस्त्री म्हणाला, चारी स्प्रिंग बदलतो, गाडी खाली येते. म्हणाला, शॉकर बी छोटे टाका सोबत. मी म्हटलं, काढता काहून? पोरानं आताच नवे घेऊन दिले." त्यांनी दिवाकरकडे पाहिलं नाही. "तुझी वस्तू फेकून कशी देऊ?"

"बाबा, मले सांगायचं ना!"

"तुले सांगतलं असतं तर तू तिले सांगतलं असतं. तिले वाटते, तिचे पाय बरे झाले. विहारात बायकांसमोर उतरली तेव्हा पाहिलं असतं तू तिले..." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "तिलवाऱ्यावर तिचं डोकं आपटलं, तेव्हा माझंच काळीज फाटलं. रोज वाटे, सांगून टाकावं. बळीराम, तुझं नाव खराब होताना मी पाहत बसलो. माफी मागायले तोंड नाही."

बळीरामने हातातला पान्हा खिशात घातला.

"एकट्यात सांगतलं असतं काका, तर मी बी गप्प राहिलो असतो," तो म्हणाला. मग गाडीजवळ जाऊन वाकला. "स्प्रिंग राहू द्या. तिच्या मापाचे छोटे, कडक शॉकर येतात. ते टाकतो. गाडी खालीच राहील, पण उसळणार नाही. खड्ड्यात मात्र जपून चालवा."

दिवाकर उभाच होता. मघाचा चढलेला आवाज कुठे गेला, कोण जाणे. त्याने खिशातून फोन काढला.

"मोठ्या मॅडम का? मी दिवाकर गजभिये. बळीराम मिस्त्रीबद्दल बोललो होतो ना, ते चूक होतं. माल असली होता... नाही, गाडीतच आमच्याकडून फेरफार झाला होता. घरातला... हो, घरातलाच. चूक माझी. वस्तीत बी मीच सांगतो सगळ्यांले."

मागचं दार वाजलं. शकू दोन्ही हातांत कच्चे पेरू घेऊन पुढे, मागून बंडूच्या आधाराने पार्वताबाई.

"काय निघालं मग?"

अंबादासांनी मान खाली घातली. दिवाकर आईकडे गेला, तिचा हात बंडूकडून आपल्याकडे घेतला.

"काही नाही, आई. बळीरामचा माल चांगला होता. रस्ते खराब आहेत आपले."

"मी तर आधीच म्हणत होती! गरिबाले उगीच बोललास." त्या बळीरामकडे वळल्या. "मनात धरू नको, बाप्पा. गाडी लवकर दे. पुनवेले विहारात जायचं आहे."

"देतो ना, काकू. पुनवेच्या आधी."

विनता निघाली तेव्हा पार्वताबाईंनी तिला थांबवलं. आतून एक बाटली आणवली. हिरवट तेल, तळाशी गाळ.

"तुझा दीर म्हणत होता, सासूची कंबर धरली म्हणून. हे लाव. मले पाहा, कशी झाले ते."

विनताने दोन्ही हातांनी बाटली घेतली. "लावीन, मावशी."

स्कूटर गल्लीच्या बाहेर पडली. शकू आईच्या छातीवर, पेरू मुठीत घट्ट धरून, पहिल्याच वळणावर झोपली.

"वहिनी," बंडू म्हणाला, "आता निघताना तर तुम्हीच मले सांगितलं, तेलानं काही होत नाही. मग आईले कायले लावायचं?"

विनताला उत्तर द्यायचाही कंटाळा आला होता. लेकीच्या केसांना पेरूच्या पानांचा वास येत होता.

"चोळायला कोणी तरी रोज जवळ बसतं ना," ती म्हणाली. "हळू चालव. उठेल ती."

बंडूने पुढचा गतिरोधक तिरपा घेतला.