चौथ्या ठिकाणची किमची

"किमची वेगळी मिळत नाही. रश्शाबरोबर येते," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि रस्सा एकट्या माणसाला मिळत नाही."

"म्हणजे?"

"मोठं पातेलं असतं, मॅडम. शेगडी टेबलावर मांडून उकळत उकळत खायचं. किमान दोघं तरी लागतात. आमच्याकडेच नाही, कुठल्याही कोरियन हॉटेलात जा, हेच सांगतील."

ती दारातच घुटमळली. वाटीभर आंबवलेल्या कोबीसाठी दुसरं माणूस आता कुठून पैदा करायचं? ती मागे वळणार, तेवढ्यात खिडकीजवळच्या टेबलावरून आवाज आला —

"मीही एकटाच आहे. दर वेळी मला फ्राइड राइस देऊन गप्प बसवतात."

मालकीणबाईंना तेवढंच हवं होतं. लग्न जमवणाऱ्या बाईच्या उत्साहानं त्यांनी शेगडी आणली, दोघांच्या मधोमध मांडली आणि वर म्हणाल्या, "बघा, झाले की नाही दोघं!"

पातेल्यातल्या लालभडक रश्शातून वाफ उठली. समोरच्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचा धूसर झाल्या. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धुकं. तिसऱ्यांदा तिला हसू आवरेना.

"हसा, हसा," तो म्हणाला. "चष्म्याचं दुकान आहे माझं. जगाला स्पष्ट दाखवतो आणि स्वतः असा चाचपडतो... तुम्ही काय करता?"

"दात."

"अं?"

"कवळ्या, टोप्या वगैरे. डॉक्टर माप पाठवतात, मी लॅबमध्ये बसून दात घडवते."

त्यानं चटकन ओठ मिटले. मग मिटल्या ओठांनीच विचारलं, "आता मी बोलू की नको?"

"बोला ना. वरचा एक जरासा वाकडा आहे. तो तसाच राहू द्या."

बोलून गेल्यावर तीच दचकली. अनोळखी माणसाला असं कुणी सांगतं? तिनं घाईघाईनं किमचीची वाटी ओढली, एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली... आणि काड्या खाली ठेवल्या.

"वाईट आहे?"

"चांगली आहे. पण ही नव्हे."

"नव्हे म्हणजे? कुणी हरवलंय का तुमचं?"

त्यानं गमतीनंच विचारलं होतं. पण तिनं उतू जायला आलेला रस्सा आधी ढवळला. मग तिनं थोडक्यात सांगितलं. आई गेली. शेवटच्या आजारात तिच्या तोंडाची चव पार गेली होती. डॉक्टरांनी बाहेरचं खाणं बंद केलं होतं. आई मात्र फिरायला म्हणून बाहेर पडायची आणि कुठून तरी किमची आणायची. डबा रस्त्यातच टाकून द्यायची आणि घरच्या काचेच्या बरणीत भरून ठेवायची, म्हणजे पत्ता लागायला नको. विचारलं तर म्हणायची, तुला काय करायचंय, तू खा. आता बरणी संपली होती. गावात कोरियन हॉटेलं बक्कळ झालेली. त्यातलं आईचं कुठलं, ते तिला शोधायचं होतं.

हे सगळं तिनं हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं. त्यानंही "अरेरे" केलं नाही. पातेल्याखालची आच कमी केली आणि म्हणाला, "मग तुम्हाला दुसरं माणूस लागणारच. दर ठिकाणी."

"लागेल."

"मला रस्सा आवडतो," तो म्हणाला. एवढंच.

दुसरं हॉटेल एका इमारतीच्या तळघरात होतं. तिथली किमची कोवळी, करकरीत, जरा जास्तच गोड. ही नव्हे. तिसरं बसथांब्यामागे. तिथं लसणानं सगळ्यांवर कडी केलेली. ही तर मुळीच नव्हे. त्या दोन्ही ठिकाणी किमचीपेक्षा चष्मेवाल्याचाच उलगडा होईना. तळघरातल्या वाढपिणीनं त्याला विचारलं, "मिसेसना तिखट चालतं का?" तेव्हा हा नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही, फक्त कान लाल. आणि बसथांब्यामागे भेटलेल्या त्याच्या एका गिऱ्हाइकाला मात्र आपणहून म्हणाला, "या माझ्या... रश्शापुरत्या. आम्ही बरोबर जेवतो."

रश्शापुरत्या! घरी जाताना तिनं तो शब्द चघळून चोथा केला. राग आला, आणि राग का आला याचाही राग आला. आपण कशासाठी जातो तिथं? आईसाठी. मग निघताना आरशासमोर दोनदा ओढणी का बदलली? आईनं काही कोरियन हॉटेलात ओढणी बघितली नसती.

चौथं ठिकाण म्हणजे एका अरुंद गल्लीतली मोजकी टेबलं. स्वयंपाकघरातून एक म्हातारीशी बाई बाहेर आली. पुढ्यात ठेवलेल्या किमचीकडे गिऱ्हाईक जरा नाखुशीनं बघतंय हे त्या बाईनं हेरलं.

"ही ताजी आहे. नव्या लोकांना हीच देतो," ती म्हणाली. "जुनी, मुरलेली हवी असेल तर मागावी लागते. फार आंबट असते, सगळ्यांना झेपत नाही."

"जुनी द्या," चष्मेवालाच म्हणाला.

वाटी आली. पानं मऊ पडलेली, रंग विटकरी. तिनं फोड तोंडात ठेवली. आधी आंबटपणा जिभेच्या कडेला झोंबला. मग मासळीचा खारट वास नाकात चढला, आणि अगदी शेवटी कुठून तरी नासपतीसारखी गोडी आली. सकाळच्या उजेडात फ्रीजचं दार उघडं टाकून, उभ्या उभ्याच बरणीतून खाणारी आई... तू खा. तू खा गं.

"हीच?" तो पुढे झुकला. काचांवर पुन्हा धुकं धरलेलं. ते न पुसता तो तिच्याकडे पाहत राहिला.

हीच म्हटलं की संपलं. उद्या दुसरं माणूस लागणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "जवळपास आहे... पण नाही."

"हरकत नाही," तो म्हणाला. किती आनंदानं म्हणाला! की तिलाच तसं वाटलं? "नदीपलीकडे एक आहे म्हणतात. पुढच्या रविवारी?"

पुढच्या रविवारी ती गेली नाही. लॅबमध्ये काम आहे म्हणून कळवलं. त्याच्या पुढच्याही रविवारी काम निघालं. खरं तर ती खिडकीपाशी बसून स्वतःला बोल लावत होती. ज्या चवीसाठी जीव टाकला ती जिभेवर आली, आणि आपण ओळख दाखवली नाही. आईला ओळख दाखवली नाही. कुणासाठी? जो आपल्याला रश्शापुरतं म्हणतो, त्याच्यासाठी.

शेवटी ताईचा फोन आला तेव्हा ती भडाभडा बोलली. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि मोठ्यांदा हसली.

"हसतेस काय गं? मी आईची चव नाकारली."

"अगं, आईनं डॉक्टरांशी खोटं बोलून किमची खाल्ली, तू चष्मेवाल्याशी खोटं बोलून खाल्लीस. घराण्याची रीतच पाळलीस की!" मग ताईचा आवाज खाली आला. "तिला ती चव कशाला हवी होती, वेडे? जगावंसं वाटायचं म्हणून. तुलाही तसंच काही वाटत असेल तर तिला राग कशाला येईल?"

"पण त्याच्या मनात काय आहे तेच कळत नाही."

"तुझ्या मनातलं तरी त्याला कुठं कळलंय? जा आणि सांग. आणि फोन ठेव, माझं दूध उतू चाललंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्या दुकानात गेली. तो काउंटरवरून एकदम उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"नजर तपासायची आहे," ती म्हणाली. आयत्या वेळी तेवढंच सुचलं.

त्यानं तिला आतल्या खोलीत उंच खुर्चीवर बसवलं, नाकावर जडशी लोखंडी फ्रेम चढवली. त्याची बोटं गार होती. समोर भिंतीवर अक्षरं उजळली.

"ही काच बरी..." टक्. "की ही?"

"कळत नाही."

"पुन्हा बघा. ही... की ही?"

"पहिली. नाही, दुसरी. थांबा." तिनं खोल श्वास घेतला. "चौथ्या ठिकाणची किमची होती ना... तीच होती. आईची. मी खोटं बोलले."

फ्रेममधून तिला तो नीट दिसतही नव्हता, नुसता एक पांढरा शर्ट.

"का?" शर्टानं विचारलं.

"शोध संपला असता. तुम्ही फ्राइड राइसकडे परत गेला असता. आणि मला... तुम्ही आवडता. तिच्या किमचीपेक्षा जास्त नाही. म्हणजे तसं नाही म्हणायचं मला! ते वेगळं, हे वेगळं. पण दोन्ही एकाच वाटीत आलं आणि मला निवडता येईना —"

समोरची अक्षरं विरघळली. इतक्या महिन्यांत एकदाही न आलेलं रडू त्या लोखंडी फ्रेममागून खुशाल वाहायला लागलं. त्यानं घाई केली नाही. फ्रेम अलगद काढली, काचा पुसायचा मऊ पिवळा कपडा तिच्या हातात दिला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"नदीपलीकडे काहीच नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"हॉटेलच नाही तिथं. मी थाप मारली. त्या रविवारी तुम्हाला नुसतंच नदीवर हिंडवणार होतो. मग तुम्ही आलाच नाहीत, आणि मला वाटलं माझी थाप पकडली गेली." तो हसला. वाकड्या दातासकट. "रश्शापुरत्या म्हणालो त्या दिवसापासून स्वतःला शिव्या घालतोय. दुसरा शब्द माहीत होता, पण तो तुम्हाला आधी विचारल्याशिवाय कसा वापरायचा?"

ती रडता रडता हसली. मग पुन्हा रडली. नक्की काय करायचं तेच तिला समजेना, आणि पहिल्यांदाच त्याचं काही वाटलं नाही.

बाहेर कुणी गिऱ्हाईक आलं होतं. त्यानं खोलीतूनच "जरा थांबा हं" म्हटलं, स्टूल आणखी जवळ ओढलं, तिचा हात हातात घेतला.

"तुम्ही मला चव सांगितलीत. बरणी सांगितलीत," तो म्हणाला. "आई कशी होती ते एकदाही नाही सांगितलं."

तिनं पिवळ्या कपड्यानं डोळे कोरडे केले. खोलीतलं सगळं आता आपापल्या जागी दिसत होतं.

"लबाड होती," ती म्हणाली. "पहिल्या नंबरची लबाड." आणि मग ती सांगू लागली.