चौथ्या सुराची जागा

सांगा बरं, विश्वास कोणावर ठेवावा, विकणाऱ्याच्या जिभेवर की आपल्या कानावर? बसा, चहा येतोय. कीबोर्ड घ्यायला आलात ते बरं झालं, पण आधी एवढं ऐका.

हा धंदा मी कुठल्या शाळेत शिकलो नाही, बोटांनी शिकलो. स्वस्तातल्या कीबोर्डचं एक असतं, एका वेळी चारच सूर निघतात. पाचवी पट्टी मुकी. म्हणून गिऱ्हाइकासमोर मी चार दाबून दाखवतो आणि पाचवीच्या वेळी खोकतो. पोट कोणाला चुकलंय?

भावोजी गेले आणि ताई माझ्याकडे राहायला आली. दिवसभर भिंतीकडे तोंड, ताट जसंच्या तसं परत. डॉक्टर म्हणाले, मन रमवा, नाहीतर ही हातची जाईल. मी दुकानातला सगळ्यात साधा कीबोर्ड घरी नेला. ताईनं पट्ट्यांवरून हात फिरवला आणि त्या संध्याकाळी दोन घास जास्त खाल्ले. बघता बघता घर गुणगुणायला लागलं.

एका दुपारी ती हसत म्हणाली, "वा रे व्यापारी, बहिणीलाही खोटा माल? चार दाबते, तीनच वाजतात."

तपासला. खरंच तीन. दुकानात नेला, तर चार. ताईच्या खोलीत परत तीन. खरं सांगतो, भीती नाही वाटली, कुतूहल वाटलं. पडदे ओढलेली खोली, तापल्या प्लॅस्टिकचा वास... मी खाली वाकून पाहिलं. डाव्या टोकाची एक पट्टी दबलेली होती, चौथ्या सुराची जागा अडवून. सूर केव्हाच विरून गेलेला, पट्टी मात्र खालीच. हात लावला, तर अंगासारखी कोमट.

"उचलू नकोस..." ताई पुटपुटली. "त्यांना कुठं वाजवता यायचं? आमच्या पेटीवरही असंच एक बोट ठेवून बसायचे."

ताट रोज लख्ख होऊन येत होतं. राहू दिलं.

परवा तिनं हाक मारली. या वेळी हसत नव्हती. पलंगाच्या अगदी कडेला बसली होती.

"अरे... आता दोनच वाजतात."

दुसरं कोण, म्हणून विचारलं.

"ओळखीचं नाही..." तिनं पट्ट्यांकडे बोट दाखवलं. "पण तुझे भावोजीसुद्धा सरकून बसलेत."

दुरुस्तीच्या बहाण्यानं आज सकाळी कीबोर्ड इथं आणला. तिचं ताट तेव्हापासून झाकलेलं आहे. इथं चार सूर वाजले तर जे काही आहे ते खोलीत आहे. मी आत्ताच्या आत्ता ताईला तिथून हलवतो. कमी वाजले, तर ते माझ्यामागून इथवर आलंय.

सकाळपासून मीच दाबून बघतोय. दर वेळी वेगळं ऐकू येतं, आणि डावीकडची ती पट्टी... जाऊ दे. तुम्ही दाबा. चार बोटं, एकदम. किती सूर वाजले तो हिशोब चोख सांगा. मला बरं वाटावं म्हणून एकही सूर वाढवू नका.